‘मा’चा ‘ध’

लालपेन सरांनी तपासलेला कागद परत दिला तेव्हा त्यावर निळ्या शाईपेक्षा लाल शाई जास्त होती. सूनबाईने तो उलटा करून टेबलावर ठेवला, पण लाल रंग मागूनही दिसतच होता. शेजारी बसलेले दोघे सहकारी आपापले कागद बघत समाधानाने माना डोलवत होते. ती डोकी धरून एकमेकांवर आपटावीत असं तिला अगदी मनापासून वाटलं.

सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे. लग्नानंतर सासऱ्यांनी तशी हाक मारायला सुरुवात केली, सासूने ती उचलली, नवरा चेष्टेने म्हणायला लागला. एकदा सासऱ्यांनी ऑफिसात फोन करून “जरा सूनबाईला द्या” म्हटलं आणि मग ऑफिसातही तेच चिकटलं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत ती तक्रारी घेण्याचं काम करायची. कानाला हेडफोन, समोर कॉम्प्युटर आणि खिडकीजवळची खुर्ची. कुणाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच अडकलेली, कुणाचं दार लागत नाही, कुणाच्या लिफ्टमध्ये दिवाच नाही. माणसं तोंडाला येईल ते बोलायची, ती ऐकून घ्यायची, त्यांना थंड करायची आणि मेकॅनिक पाठवायची. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तिलाही ते चांगलं ठाऊक होतं.

मग कंपनी विकली गेली. नव्या मालकांचं हेड ऑफिस लांब होतं आणि तिथे इंग्रजीशिवाय कुणी काही वाचत नसे. फर्मान सुटलं की यापुढे प्रत्येक तक्रार इंग्रजीत लिहायची. ग्राहक काय म्हणाला, म्हणजे रिपोर्टेड स्पीच. मग काय केलं गेलं, म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस. त्याची परीक्षा होणार, शुक्रवारी. जो पास होईल तो खुर्चीवर राहील, जो नापास होईल तो गावाबाहेरच्या गोदामात सुटे भाग लावत बसेल. गोदामात खिडकी नव्हती, फोन नव्हता, दिवसभरात शब्द बोलायला माणूस नव्हता.

“हे बघा,” लालपेन सर म्हणाले. हे कंपनीने आणलेले शिक्षक. ऑफिस सुटल्यावर कँटीनच्या टेबलांवर ते शिकवणी घेत, आणि खिशाला चार पेनं असूनही लालच काढत. “मुलाने खिडकी फोडली, याचं पॅसिव्ह करायला दिलं होतं. तुम्ही लिहिलंय, द विंडो वॉज ब्रोकन बाय मी. तुम्ही फोडलीत का?”

“नाही सर.”

“मग पुढे, पत्र पोस्टात टाकलं गेलं, बाय मी. दूध सांडलं गेलं, बाय मी. अहो, सगळ्या जगाचं तुम्हीच कसं केलंत?”

शेजारचे दोघे फिदीफिदी हसले. सूनबाईच्या मनात आलं, तिच्या घरी येऊन बघा म्हणावं. तिथे ‘भाजीत मीठ पडायचं राहिलंय’ असं म्हणतात, ‘टाकी भरायची राहिली’ असं म्हणतात, ‘बिल भरलं गेलं नाही वाटतं’ असं म्हणतात, आणि वाक्यात कुणाचंही नाव नसलं तरी सगळ्यांच्या नजरा कुणाकडे वळतात ते सांगायची गरज पडत नाही.

“बरं, ते सुधारेल,” सर म्हणाले. “पण हे काय आहे? ‘तो मला म्हणाला, तू मूर्ख आहेस.’ याचं इनडायरेक्ट तुम्ही केलंय की, तो म्हणाला, मी पुन्हा एकदा विचार करावा.”

“हो.”

“त्याने तुम्हाला मूर्ख म्हटलंय.”

“रागात म्हटलं असेल, सर. मनात तसं नसेल त्याच्या.”

“तुम्हाला काय माहीत? कोण आहे तो तुमचा?”

आता सहकारी मोठ्याने हसले. सरांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी तिची ऑफिसातली एक जुनी नोंद पुढ्यात ठेवली. एका बाईने फोन केला होता की लिफ्टचं दार माणूस आत शिरताना मधेच बंद होतं, माझ्या मुलीचा हात सापडता सापडता वाचला, मी थरथरतेय. सूनबाईने लिहिलं होतं, दाराची थोडी जुळवाजुळव करावी लागेल. ‘थोडी’ वाचून मेकॅनिकने ते काम शेवटी ठेवलं. त्या बाईला पुन्हा फोन करावा लागला, मग पुन्हा.

“थरथरतेय, हे कुठे गेलं?” सरांनी विचारलं. “काळ बदला, सर्वनाम बदला, माझी ना नाही. पण माणूस जे म्हणाला ते तुम्ही मधल्यामधे खाऊन टाकता. तुम्ही निरोप पोचवत नाही, बाई, तुम्ही तो धुऊन इस्त्री करून देता. शुक्रवारी असं केलंत तर मी पास करणार नाही, आधीच सांगून ठेवतो.”

घरी जाताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते अपमानाचं कमी आणि संतापाचं जास्त. काखेत कळसा नि गावाला वळसा! एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगणं हे तिला कुणी शिकवायचं? गेली कित्येक वर्षं घरी ती दुसरं करत काय होती?

त्याचं असं होतं की तिचे सासरे आणि नवरा एकमेकांशी बोलत नसत. सासरे पाट्या रंगवायचे. शिडीवर उभं राहून, ब्रश हातात धरून, दुकानांच्या पाट्यांवर अक्षरं काढण्यात त्यांचा जन्म गेला आणि त्या शिडीपायीच गुडघाही गेला. मुलाने त्याच दुकानात छपाईचं मशीन आणलं. फ्लेक्स, बॅनर, तासाभरात तयार. तिथवरही ठीक होतं. पण एके दिवशी त्याने दुकानाच्या दारावरच्या पाटीवर, म्हणजे बापाने हाताने रंगवलेल्या लाकडी पाटीवर, न विचारता छापील बोर्ड ठोकला. वरून खिळे मारले. सासरे रस्त्याच्या पलीकडे उभे राहून ते बघत होते. त्यांनी घरी येऊन अबोला धरला. मुलाला वाटलं, चार दिवसांत निवळेल. मग त्यालाही राग आला, आणि त्यानेही धरला. दोघेही एकाच खाणीतले दगड.

सुरुवातीला निरोप्याचं काम सासूकडे होतं. सासू गेली आणि स्वयंपाकघरासोबत ते कामही सूनबाईकडे आलं.

“सूनबाई, त्याला सांग, मोटार वाकडी लावलीय, शेजारी बोंब मारतोय.”

“अगं, बाबांना सांग, डॉक्टरकडे जायचंय तर सकाळीच जा म्हणावं, मला दुपारी सवड नाही.”

एक पुढच्या खोलीत, एक मागच्या खोलीत, मधे एक भिंत आणि भिंतीच्या टोकाला ही. दोघांनाही एकमेकांचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा. तरीही निरोप तिच्या तोंडून आल्याशिवाय तो मिळाला असं धरत नसत. घरात दिवसभर कुणी ना कुणी तिच्याशी बोलत असे, पण त्यातलं एक वाक्यही तिच्यासाठी नसायचं. सगळं टपाल. ती नुसती पेटी.

आणि टपाल जसंच्या तसं द्यायची तिची छाती नव्हती. नवरा म्हणाला, “म्हाताऱ्याला सांग, किरकिर बंद कर,” तर ती आत जाऊन म्हणे, “बाबा, ते म्हणतात, जरा पडा तुम्ही, दमला असाल.” सासरे म्हणाले, “त्या चादरी छापणाऱ्याला सांग, अक्षर म्हणजे काय ते सात जन्मांत कळायचं नाही तुला,” तर ती बाहेर येऊन सांगे, “बाबांना तुमचा कालचा बोर्ड दिसला म्हणे रस्त्यात.” पुढे पुढे हात सैल होत गेला. ज्या दिवशी कुणी काहीच म्हणत नसे त्या दिवशीही ती काहीतरी नेऊन देऊ लागली. “बाबा, ते विचारत होते, गुडघा कसा आहे?” हे तर रोजचंच झालं. सासरे पेपरातून मान वर न करता म्हणत, “बरा आहे म्हणावं.” आणि ते म्हणताना पेपर किंचित खाली येई. ‘ध’चा ‘मा’ करणाऱ्यांची गोष्ट जगाला पाठ असते. ‘मा’चा ‘ध’ करणाऱ्याला कुत्रंही विचारत नाही.

शुक्रवारी सकाळी ती ओट्याशी उभी राहून वाक्यं घोकत होती. ही सेड दॅट ही वॉज, दे सेड दॅट दे हॅड. चहा उतू गेला. ओटा पुसेपर्यंत पुढची वाक्यं डोक्यातून गेली. तेवढ्यात नवरा बूट चढवता चढवता म्हणाला, “अगं, बाबांना सांग, आज दुकानाचा बोर्ड बदलतोय. दिव्यांचा येतोय, नवा. खालची जुनी लाकडी पाटी पण काढणार. वाळवी लागलीय तिला, भंगारात घालतोय. आणि म्हणावं, यावरून रडगाणं लावायचं नाही.”

“अहो, आज माझी परीक्षा आहे.”

“मग? एवढं सांगायला काय परीक्षा द्यावी लागते?”

तिच्या डोक्यात काहीतरी तडकलं. आधी परीक्षेचा धसका, त्यात उतू गेलेला चहा, त्यात हे. एरवी तिचं मन तिथल्या तिथे कामाला लागलं असतं. बाबा, ते विचारत होते, जुनी पाटी घरी आणून ठेवू का? असं काहीतरी. पण आज मनाने साफ नकार दिला. ती हातातलं फडकं तसंच घेऊन मागच्या खोलीत गेली.

“बाबा, ते म्हणाले की आज ते दुकानाचा बोर्ड बदलतायत. तुमची जुनी पाटी काढणार आहेत. तिला वाळवी लागलीय, ती भंगारात घालणार आहेत. यावरून तुम्ही रडगाणं लावायचं नाही.”

सासऱ्यांच्या हातातला पेपर खाली आला. “भंगारात? असं म्हणाला तो?”

“त्यांचेच शब्द आहेत.”

म्हाताऱ्याने पेपराची घडी घातली. मग म्हणाला, “त्याला सांग, जाताना मलाही ने म्हणावं. वजन बरं भरेल.”

ती बाहेर आली. “बाबा म्हणतात, जाताना त्यांनाही भंगारात न्या. वजन बरं भरेल.”

नवरा एका पायात बूट, एक पाय मोज्यात, असा उभा राहिला. इतक्या वर्षांत असलं काही बापाकडून आलंच नव्हतं. म्हणजे बापाने पाठवलं होतं, पण त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. तो तसाच लंगडत मागच्या खोलीच्या दारात गेला, आणि त्या घरात बापलेक समोरासमोर बोलले ते असे.

“काय बोलता तुम्ही हे? लाज वाटते का काही?”

“मला विचारतोस लाज? मागच्याच महिन्यात म्हणालास ना, की अक्षर गिरवायला मी त्या पाटीवरूनच शिकलो? आणि आज भंगारात घालतोस?”

“मी? मी कधी म्हणालो?”

“वर रोज गुडघ्याची चौकशी करायची आणि...”

“कसल्या गुडघ्याची? मी कधी विचारलं तुम्हाला?” नवऱ्याचा आवाज चढला. “आणि तुम्ही तरी काय? तोंडावर एक नि आत एक! दुकान बघून जिवाला समाधान वाटलं, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?”

“मी तुझ्या दुकानाकडे ढुंकूनही बघितलेलं नाही.”

मग दोघेही थांबले. थांबले आणि दोघांनी एकदमच दाराबाहेर बघितलं. ती फडकं घेऊन उभी होती. ते रागावतील असं तिला वाटत होतं, पण त्या दोन चेहऱ्यांवर राग नव्हताच. घर लुटल्यावर माणसं रिकाम्या कपाटाकडे बघतात तसे ते बघत होते. “मला उशीर होतोय,” असं म्हणून तिने पर्स उचलली आणि जिना उतरली.

बसमध्ये तिला स्वतःचाच संताप आला. कशाला केलं मी? मग त्यांचा आला. मी तरी किती दिवस करायचं? ही दोन धडधाकट माणसं, दोघांना तोंडं आहेत, आणि त्यांच्या मायेचा पुरवठा करायचा तो मी, माझ्या पदरचा? वाक्यं आठवायची म्हटली तर एकही आठवेना. गोदामात तर गोदामात, खोकी निदान उलटून विचारणार नाहीत, तू असं का सांगितलंस म्हणून.

परीक्षेत लालपेन सरांनी एका खऱ्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. एक माणूस तावातावाने बोलत होता. “तुमच्या ऑफिसातली ती बाई रोज सांगते, उद्या नक्की येतील. उद्या, उद्या, उद्या! माझी आई चार मजले चढून दमलीय. मला एकदा सरळ सांगा ना, येणार नाही म्हणून! गोड बोलून फसवताय तुम्ही मला.”

सूनबाईने माणूस ओळखला. ती बाई म्हणजे तीच. मेकॅनिक म्हणायचे “जमणार नाही”, ती फोनवर म्हणायची “उद्या नक्की”. तिला वाटायचं, तेवढाच त्याचा एक दिवस बरा जाईल. त्याची आई त्या दिवसांत जिने चढत होती हे तिला आता पहिल्यांदा ऐकू आलं, जरी त्याचे आधीचे सगळे फोन तिनेच घेतले होते.

हात सवयीने लिहायला निघाला होता की ग्राहकाने विलंबाबद्दल चौकशी केली. तिने ते खोडलं. मग एकेक शब्द दगडासारखा उचलून ठेवत लिहिलं. तो म्हणाला की त्याची आई दमली आहे. तो म्हणाला की त्याला गोड बोलून फसवण्यात आलं. ‘बाय’पाशी येऊन पेन थांबलं. या वेळी तिथे ‘मी’ लिहिणं चूक नव्हतं. तिने लिहिलं.

लालपेन सरांनी तिथेच तपासलं. एक काळ चुकला होता, तो त्यांनी लाल केला. मग बराच वेळ पेन हवेत धरून ते वाचत राहिले.

“पास,” ते म्हणाले. “पण चेहरा असा का केलाय? खुर्ची राहिली तुमची.”

“हो सर,” ती म्हणाली. खुर्ची राहिली होती, आणि तिला घरी जावंसं वाटत नव्हतं.

संध्याकाळी दार उघडून ती आत आली तेव्हा पॅसेजमध्ये भिंतीला टेकवून लाकडी पाटी ठेवलेली होती. खाली जुने पेपर अंथरलेले. कडेला वाळवीने खाल्लं होतं, वरच्या अंगाला खिळ्यांची भोकं होती, पण अक्षरं जागच्या जागी होती, गोल, ठसठशीत, प्रत्येकाला खाली बारीक सावली. नवऱ्याचे बूट दारात नव्हते. सासरे मागच्या खोलीतून खुर्ची ओढत आणून पाटीसमोर बसले होते.

“कुणी आणली?” तिने विचारलं.

“तोच ठेवून गेला. बोलला नाही काही.”

“चहा टाकू?”

“थांब.” ते पाटीकडेच बघत होते. “सूनबाई, खरं सांग. गुडघ्याचं. त्याने कधीच विचारलं नव्हतं?”

उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. बाबा, ते रागात तसं म्हणाले, मनात त्यांच्या काळजी असतेच. किती सोपं होतं. म्हातारा आज रात्री नीट झोपला असता. तिने पर्स खाली ठेवली.

“नाही, बाबा.”

“एकदाही?”

“एकदाही नाही.”

सासऱ्यांनी मान हलवली. बोटाने पाटीवरच्या एका अक्षराची सावली वरून खाली पुसल्यासारखी केली, आणि बोटाला लागलेला भुसा धोतराऐवजी चुकून शर्टालाच पुसला. पुसून झाल्यावरही ते बोट तसंच धरून बसले.

“म्हणजे इतकी वर्षं,” ते म्हणाले, “तूच विचारत होतीस.”

तिने खाली ठेवलेली पर्स उचलून खुंटीला अडकवली.

“चढताना दुखतो,” सासरे म्हणाले. “उतरताना जास्त. रात्री कूस बदलली तर जाग येते. बरा नाही तो, कधीच बरा नव्हता.” मग त्यांनी पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे बघितलं. “हे तुला सांगतोय. पुढे कुणाला सांगायचं नाही.”

ती स्वयंपाकघरात गेलीच नाही. पाटीसमोर दुसरी खुर्ची ओढून बसली, आणि म्हणाली, “कधीपासून दुखतोय, बाबा?”